विभक्त आई-वडिलांपैकी मुलांना टॅक्स रिटर्नवर कोणी दाखवायचे?

न्यू जर्सीतल्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या उन्हाळ्यात ते घर सोडून जवळच्याच अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला आहे, निकाल अजून लागलेला नाही. मुलगी अकरा वर्षांची असून तिचा जन्म पुण्यातला आहे, मुलगा सहा वर्षांचा असून त्याचा जन्म इथला आहे. दर बुधवारी आणि एक सोडून एक शनिवार-रविवारी मुले त्यांच्याकडे असतात, बाकीचे दिवस आईकडे. ते दरमहा ठरलेली रक्कम देतात आणि दोन्ही मुलांच्या आफ्टरकेअरची, म्हणजे शाळा सुटल्यानंतरच्या देखभालीची, फीही भरतात. "एकेक मूल एकेकाने दाखवायचे" असे ईमेलवर ठरले होते, पण त्यांनी ई-फाइल केलेले, म्हणजे ऑनलाइन पाठवलेले, 2025 चे रिटर्न नाकारले जाऊन परत आले, कारण पत्नीने दोन्ही मुले आधीच दाखवली होती. "खर्च मी करतो, मग हक्क माझा नाही का? आणि आता तिला मी काय सांगू?" असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली 19 वर्षे या राज्यात टॅक्स रिटर्न भरण्याचे काम करते, आणि दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये असे प्रश्न घेऊन आलेली मराठी जोडपी, बहुतेक वेळा एकेकटी, माझ्यासमोर बसलेली असतात. तुमच्या प्रश्नाचे सरळ "हो" किंवा "नाही" असे उत्तर मी देऊ शकत नाही, कारण ज्या एका गोष्टीवर ते अवलंबून आहे ती तुम्ही लिहिलेली नाही. "उन्हाळ्यात" म्हणजे नेमक्या कोणत्या तारखेला तुम्ही घर सोडले? 30 जूनपर्यंत की त्यानंतर? तुम्हाला ही तारीख किरकोळ वाटली असेल, पण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यावर ठरते.

त्याआधी खर्चाचा मुद्दा बाजूला काढू, कारण तोच मनाला सर्वांत जास्त लागतो. अमेरिकेच्या केंद्रीय कर-कायद्यात मूल कोणाचे अवलंबित, म्हणजे कोणाचे डिपेन्डंट, हे ठरवताना कोणत्या पालकाने किती पैसे दिले हे पाहिले जात नाही. मुलाने स्वतःच्या निर्वाहाचा अर्ध्याहून अधिक खर्च स्वतः केलेला नसावा, एवढीच निर्वाहाची अट आहे, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती आपोआप पूर्ण होते. मुलांसाठी दिलेल्या पोटगीची देणाऱ्याला वजावट मिळत नाही आणि घेणाऱ्याला ती उत्पन्नात धरावी लागत नाही. तुमच्या पैशाला किंमत नाही असा याचा अर्थ नव्हे. ती किंमत कौटुंबिक न्यायालय मोजते, आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे केंद्रीय कर-खाते, मोजत नाही. आयआरएस विचारते ते एवढेच, की मूल वर्षातल्या किती रात्री कोणाकडे झोपले.

रात्रींची ही मोजणी मी लोकांना कागदावर करायला लावते. काही वर्षांपूर्वी एडिसनहून एक बाई आल्या होत्या, त्यांनी पिशवीतून भारतातून आणलेले कालनिर्णयच बाहेर काढले. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात, तिथी आणि नक्षत्राला धक्का न लावता, पेन्सिलीने बारीक "आ" किंवा "बा" लिहिलेले होते, आणि जिथे मूल तापाने आजारी असल्यामुळे वाटणी बदलली होती तिथे खोडून पुन्हा लिहिलेले होते. दोन वकिलांच्या पत्रव्यवहाराने जे सुटले नव्हते ते त्या पानांवर वीस मिनिटांत सुटले.

मोजण्याचे नियम साधे आहेत. मूल ज्या पालकाच्या घरी झोपले त्याची ती रात्र, मग तो पालक त्या रात्री घरी असो वा नसो. म्हणजे आई कामासाठी बाहेरगावी आहे आणि भारतातून आलेली आजी मुलांजवळ आईच्या घरी झोपली आहे, तर ती रात्र आईचीच. सहलीला मूल ज्या पालकाबरोबर गेले त्याच्या खात्यात त्या रात्री जातात. मूल मैत्रिणीकडे राहिले, शिबिराला गेले, किंवा आपल्याकडे नेहमी होते तसे सुट्टीत सहा आठवडे नाशिकला आजी-आजोबांकडे गेले, तर एरवी त्या रात्री ते ज्याच्याकडे असते त्याच्या त्या धरल्या जातात. ज्याच्याकडे रात्री अधिक तो कराच्या दृष्टीने ताबा असलेला पालक, आणि रात्री अगदी समसमान निघाल्या तर ज्याचे समायोजित ढोबळ उत्पन्न (ठरावीक वजावटी काढल्यानंतरचे एकूण उत्पन्न) जास्त तो. रात्रपाळी करणाऱ्या पालकांसाठी, उदाहरणार्थ परिचारिकांसाठी, रात्रींऐवजी दिवस मोजण्याचा वेगळा नियम आहे, पण तो तुम्हाला लागू दिसत नाही.

आता तारखेकडे येते. समजा तुम्ही 14 जूनला घर सोडले. त्याआधीच्या 164 रात्री मुले तुम्हा दोघांबरोबर होती आणि उरल्या 201. तुमच्या वाटणीत दर दोन आठवड्यांत दोन बुधवार, एक शुक्रवार आणि एक शनिवार अशा चार रात्री येतात असे मी धरते, म्हणजे 201 पैकी सुमारे 57 तुमच्या आणि 144 त्यांच्या आईच्या. पूर्ण वर्षाचा हिशेब केला तर तुमच्या 221 होतात, अर्ध्या वर्षाहून जास्त, आणि म्हणूनच "मुले तर माझ्याकडे निम्म्याहून अधिक वर्ष होती" ही तुमची भावना खोटी नाही. पण आईच्या 308 होतात. दोघांनीही एकच मूल दाखवले तर ते ज्याच्याकडे अधिक काळ राहिले त्याला मिळते, आणि वर्षाच्या मध्यावर विभक्त झालेल्या पालकांत ताबा कोणाचा हे ठरवताना वेगळे झाल्यानंतरच्याच रात्री मोजतात. दोन्ही मार्गांनी उत्तर आई असेच येते. ईमेलवर दिलेला शब्द तिने पाळला नाही हे खरे असेल, पण आयआरएसच्या दृष्टीने तिचे रिटर्न चूक ठरत नाही.

या स्थितीत, म्हणजे वर्षाचे शेवटचे सहा महिने पूर्ण वेगळे राहिलेल्या पालकांसाठी, कायद्याने एक सोय ठेवली आहे आणि तिचे नाव फॉर्म 8332. एका पानाचा फॉर्म आहे. त्याच्या पहिल्या भागात ताबा असलेला पालक मुलाचे नाव आणि वर्ष लिहून "या वर्षासाठी मी या मुलाचा क्लेम सोडतो" अशा अर्थाच्या ओळीखाली सही करतो, आणि दुसरा पालक तो आपल्या रिटर्नला जोडतो. या सहीने नेमके काय दिले जाते हे समजले की पुष्कळ भांडणे तिथेच संपतात. दिले जाते ते चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करातून थेट वजा होणारी रक्कम, किंवा ते लागू नसेल तर इतर अवलंबितांसाठीचे 500 डॉलरचे क्रेडिट. हेड ऑफ हाउसहोल्ड, म्हणजे मुलासह घर चालवणाऱ्या एकट्या पालकाचा कमी कराचा दर्जा, पाळणाघर व आफ्टरकेअरच्या खर्चावरचे क्रेडिट आणि कमी उत्पन्नाच्या कमावत्यांसाठीचे अर्न्ड इन्कम क्रेडिट हे तिघे सहीने हलत नाहीत. त्यांच्या अटी पूर्ण होत असतील तर ते ताबा असलेल्या पालकाकडेच राहतात. 2025 साठी हेड ऑफ हाउसहोल्डची प्रमाणित वजावट 23,625 डॉलर आहे आणि विवाहित असून स्वतंत्र रिटर्न भरणाऱ्याची 15,750, म्हणजे आईच्या हातातली मोठी गोष्ट तिच्याकडेच राहते. "सही केली तर माझे सगळेच जाईल" या भीतीने नकार देणाऱ्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना हे कोणी नीट समजावूनच सांगितलेले नसते.

आता समजा तुम्ही ऑगस्टमध्ये घर सोडले. मग चित्र पूर्ण बदलते. जुलैत एक दिवस जरी तुम्ही एका छताखाली होता तर "शेवटचे सहा महिने वेगळे" ही अट मोडते, आणि इथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, की भाडे परवडत नाही म्हणून एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहणे हे वेगळे राहणे धरले जात नाही. घटस्फोटाचा अर्ज दाखल होणे म्हणजे घटस्फोट नव्हे. 31 डिसेंबरला तुम्ही कायद्याने पती-पत्नी होता. त्यामुळे तुम्हा दोघांपैकी कोणालाही 2025 साठी हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणवता येत नाही. एक तर संयुक्त रिटर्न, नाही तर दोघांचीही "विवाहित, स्वतंत्र" अशी रिटर्ने. पत्नीने हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून भरले असेल तर ते तिला दुरुस्त करावे लागेल, आणि ही गोष्ट आयआरएसच्या पत्रातून कळण्याआधी तुमच्याकडून किंवा तिच्या कर-सल्लागाराकडून शांतपणे कळलेली बरी.

ऑगस्टच्या स्थितीत फॉर्म 8332 ची विभागणीही लागू होत नाही. एक मूल संपूर्णपणे एकाच पालकाकडे जाते. मात्र मुले दोघांकडेही अर्ध्या वर्षाहून अधिक राहिलेली असल्यामुळे कोणते मूल कोणी दाखवायचे हे तुम्ही आपसांत ठरवू शकता आणि त्यासाठी कोणताही फॉर्म लागत नाही. अधिक रात्रींचा नियम पुढे येतो तो दोघांनी एकच मूल दाखवले तर. शिवाय या स्थितीत मी प्रत्येकाला संयुक्त रिटर्नचा आकडा काढून दाखवते, कारण स्वतंत्र रिटर्नवर आफ्टरकेअरच्या खर्चाचे क्रेडिट मिळत नाही आणि संयुक्तवर मिळते. स्वतंत्र रिटर्ने भरून झाली असली तरी मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत ती बदलून संयुक्त करता येतात, उलट मात्र मुदतीनंतर करता येत नाही. पण संयुक्त रिटर्नवर सही करणे म्हणजे एकमेकांच्या पूर्ण कराची जबाबदारी घेणे. जिथे एकाच्या व्यवसायाचे किंवा भारतातल्या उत्पन्नाचे हिशेब दुसऱ्याला माहीत नाहीत, तिथे मी तो सल्ला देत नाही, मग पैसे वाचत असले तरीही.

तुमच्या "एकेक मूल" या तोडग्याविषयी एक गोष्ट कोणीतरी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. ही वाटणी समान नाही. मुलगा इथे जन्मलेला आहे, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर आहे, त्याच्यावर 2025 साठी 2,200 डॉलरपर्यंत चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळते. मुलगी पुण्यात जन्मलेली आहे. ती अजून एच-4 वर, म्हणजे एच-1बी धारकाच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर, असेल आणि तिला आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा फक्त करापुरता क्रमांक, असेल तर तिच्यावर ते क्रेडिट मिळत नाही, फक्त 500 डॉलरचे मिळते. तेव्हा "मुलगा मी, मुलगी तू" असे म्हणताना तुम्ही 2,200 आणि 500 यांची वाटणी करत होता, कदाचित दोघांच्याही लक्षात न येता. मुलीला ग्रीन कार्ड आणि त्याबरोबर काम करण्यास वैध असा नंबर मिळाला की ती सतरा वर्षांची होईपर्यंत हा फरक मिटेल. तोवर मी अशा घरांना एक वर्ष मुलगा एकाने, पुढच्या वर्षी दुसऱ्याने असे आलटून-पालटून करायला सुचवते.

2025 पासून आणखी एक बदल आहे. चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेणाऱ्या पालकाकडेही काम करण्यास वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर असावा लागतो, संयुक्त रिटर्नवर निदान एकाकडे. तुमच्या पत्नीला नोकरी आहे, म्हणजे तिच्याकडे तो असणार. पण ज्या बहिणी एच-4 वर आहेत, ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नाही आणि फक्त आयटीआयएन आहे, त्यांना स्वतंत्र रिटर्नवर हे क्रेडिट मिळूच शकत नाही. तिथे क्लेम वडिलांना सोडून त्या पैशाचा वाटा तडजोडीत मुलांसाठी मागून घेणे हेच शहाणपणाचे.

उत्पन्नाकडेही पाहा. संयुक्त रिटर्न सोडून इतर सर्वांसाठी हे क्रेडिट 2,00,000 डॉलरच्या पुढे घटू लागते, दर हजार डॉलरमागे 50 डॉलर. तुमचे उत्पन्न 2,40,000 असेल तर 2,000 डॉलर कमी होतात आणि एका मुलावर हातात 200 उरतात. त्याच मुलाला कमी उत्पन्नाच्या आईने दाखवले तर पूर्ण 2,200 मिळतात. आयटीतल्या कित्येक वडिलांनी या 200 डॉलरसाठी वकिलाला हजारो दिल्याचे मी पाहिले आहे, आणि ते पैसे त्याच मुलांच्या शिक्षणातून गेलेले असतात.

आफ्टरकेअरच्या फीबद्दल तर मला मनापासून वाईट वाटते, कारण तिथे कोणाचाच फायदा होत नाही. जूनची स्थिती असेल तर त्या खर्चावरचे क्रेडिट फक्त ताबा असलेल्या पालकाला मिळते, आणि तेही त्या पालकाने स्वतः केलेल्या खर्चावर. तुम्ही भरता पण घेऊ शकत नाही, ती घेऊ शकते पण भरत नाही. तेरा वर्षांखालील दोन मुलांसाठी 6,000 डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो आणि आईचे उत्पन्न फार कमी नसेल तर 2025 साठी त्याचे 20 टक्के, म्हणजे 1,200 डॉलरपर्यंत, वाया जातात. तीच रक्कम तुम्ही आईला द्या आणि फी तिच्या खात्यातून जाऊ द्या. मात्र हे वकिलाच्या हातून तडजोडनाम्यात लिहून घ्या, नाहीतर उद्या "फी भरणे बंद केले" असा अर्थ लावला जाईल.

परत आलेल्या रिटर्नचे काय करायचे? ते परत आले म्हणजे तुम्ही चूक ठरलात असे नाही, ज्याने आधी पाठवले त्याचे आधी घेतले गेले इतकेच. रात्री मोजल्यावर हक्क तुमचाच निघत असेल तर आयआरएसच्या संकेतस्थळावरून ओळख-क्रमांक, म्हणजे आयपी पिन, घेऊन तेच रिटर्न पुन्हा ई-फाइल करता येते, किंवा कागदावर पाठवता येते. त्यानंतर दोघांनाही सीपी87ए नावाचे पत्र येऊ शकते, ज्यात चूक असलेल्याने दुरुस्ती करावी असे सांगितलेले असते. कोणीच मागे हटले नाही तर पुरावे मागितले जातात आणि तिथे शाळेचे पत्र, बालरोगतज्ज्ञांच्या नोंदी, ज्यावर मुलाचे नाव, पत्ता आणि वर्षाच्या तारखा आहेत, असेच कागद चालतात. बँकेतून दिलेल्या पैशांच्या पावत्या तिथे उपयोगी पडत नाहीत. हक्क नसताना जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने क्लेम केल्याचे ठरले तर दोन वर्षे हे क्रेडिट घेण्यास बंदी येऊ शकते, म्हणून केवळ रागाच्या भरात दुसऱ्यांदा पाठवू नका. 15 एप्रिलपर्यंत निर्णय होत नसेल तर फॉर्म 4868 ने ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. मात्र ती मुदत रिटर्न भरण्याची असते, कर भरण्याची नव्हे.

2026 पासून तुमच्या वाटणीला वर्षाला साधारण 104 रात्री येतील, म्हणजे अर्ध्याहून खूप कमी. तेव्हा फॉर्म 8332 शिवाय तुम्हाला कोणतेही मूल दाखवता येणार नाही. घटस्फोटाच्या निवाड्यात "मुलगा वडिलांनी दाखवावा" असे लिहिले असले तरी 2008 नंतरच्या निवाड्याची पाने आयआरएस त्या फॉर्मऐवजी स्वीकारत नाही. निवाडा तुम्हा दोघांना बांधतो, आयआरएसला नाही. म्हणून तडजोडनाम्यात "आईने दर वर्षी 31 जानेवारीपर्यंत नुकत्याच संपलेल्या वर्षाच्या फॉर्म 8332 वर सही करून द्यावी" असे स्पष्ट वाक्य वकिलाकडून घालून घ्या, म्हणजे सही न मिळाल्यास न्यायालयात दाद मागता येते. पुढच्या सगळ्या वर्षांचा क्लेम एकदम सोडणारा दुसरा भागही त्या फॉर्मवर आहे, पण त्यावर सही करा असे मी कोणत्याही आईला सांगत नाही. तो क्लेम परत घेता येतो, पण कळवल्याच्या पुढच्या वर्षापासूनच.

पत्नीला काय सांगू, असे तुम्ही विचारले आहे. तारीख 30 जूनच्या आधीची असेल तर मी माझ्या अशिलांना साधारण असा मजकूर लिहून देते, वकिलांना विचारून तो तुम्ही वापरू शकता: "मी रात्री मोजल्या. कायद्याने दोन्ही मुले यंदा तुझ्याकडे जातात, त्यामुळे तुझ्या रिटर्नबद्दल माझी तक्रार नाही. आपले एकेक मुलाचे ठरले होते, म्हणून एका मुलासाठी फॉर्म 8332 वर सही करून तुझे रिटर्न दुरुस्त करशील का, असे विचारतो आहे. तुझा हेड ऑफ हाउसहोल्ड दर्जा त्याने जात नाही, तुझ्या सल्लागाराला विचारून खात्री करून घे. आफ्टरकेअरची फी पुढच्या महिन्यापासून तुझ्या खात्यातून भरूया, पैसे मी आधी पाठवीन. शनिवारी मुलांना घ्यायला येईन तेव्हा यावर बोलायचे नाही, ईमेलवरच उत्तर दे."